पाचव्या बोटाचं हाड

सीपीआरच्या तळमजल्यावर, अंधाऱ्या खोलीत
बावीस वर्षं मी लोकांचे हात उजेडात धरते.
करंगळीच्या मुळाशी मोडलेलं हाड आलं
की विचारावं लागत नाही.
"दारात सापडला," म्हणतो पोरगा.
दाराला दात नसतात, बाळा.

आमच्या घरात सगळ्यांची करंगळी आत वळलेली.
वडिलांची केएमटीच्या स्टिअरिंगवर बसायची नाही.
माझ्या हाताला बांगडी भरताना कासार दर वेळी तिथंच अडतो.
सांगणं एकच : ही खूण धुळाप्पाची.

धुळाप्पा बंडगर, माझा खापरपणजा.
मेंढरं भावाच्या हवाली करून तालमीत आला,
ताक, लिंबू, हळद जिरलेल्या तांबड्या मातीत
सहा वर्षं लोळला, मान बैलाची झाली.
तेव्हा रेसिडेन्सीमागच्या माळावर
कॅम्पातला एक गोरा
(आमच्याकडे त्याचं 'हारसन' एवढंच उरलंय)
उघड्या मुठींनी कुणालाही बोलवायचा.
वीस रुपये आणि एक बाटली.
धुळाप्पा पट काढायला वाकला,
नाकावर एक, बरगडीत दोन बसल्या,
आणि मातीनं शिकवलं नव्हतं
ते त्याच्या हातानं आपसूक केलं.
गोरा आडवा.
आत्या इथं हमखास थांबायची :
"तवापास्नं आपलं बोट असं बघ."

मोडलेलं हाड वारशात येत नाही, आत्या.
तो जन्मला तोच वाकडं बोट घेऊन,
हारसनच्या आधी, मेंढरांच्याही आधी.

एक दिवस रजा टाकून अभिलेखागारात गेले.
मोडी वाचणारे हेर्लेकर मास्तर
चष्मा कपाळावर सारून म्हणाले, सापडला.
"धुळापा बंडगर. दूध शेर दोन, तूप, बदाम.
खुराक बंद. सबब मुठीने मारले."
जिंकला की हरला, अक्षर नाही.
वस्तादाच्या लेखी कुस्ती म्हणजे धरणं.
मारलंस, म्हणजे धरता आलं नाही तुला.

पुढचा धुळाप्पा घरात कुणी सांगत नाही.
शाहूपुरीत गुळाचे रवे वाहिले खांद्यावर.
पाच लेकरं, जगली दोन.
वीस रुपयांतून म्हैस आली होती, तिचं दूध
कोंडाबाई त्याच तालमीच्या दारात घालायची,
मापानं, पदर तोंडावर ओढून.

पदर कशाला, ते मला आत्ता कळलं.
कागदाचा फोटो दाखवला तर आत्या
न कळणारी मोडी बराच वेळ बघत बसली.
मग सुपारी गालात सारत म्हणाली,
"कोंडाबाई जन्मभर एकाच बाजूनं जेवली.
उजवा जबडा बसलाच न्हवता तिचा.
आईनं सांगितलेलं मला. कुठं बोलू नको म्हणून."
"कुणी मारलेलं?"
"कुणी म्हंजे काय गं?"

हारसनच्या जबड्याला आमच्यात सव्वाशे वर्षांची गोष्ट.
तिच्या जबड्याला भाकरी भिजवायची आमटी.

परवा कसबा बावड्याची एक बाई आली.
न्हाणीत पाय घसरला म्हणाली.
हनुवटी पट्टीला टेकवून दिली तिची,
श्वास रोखा, हलू नका, म्हटलं,
आणि ती इतकी हलली नाही
की सवयीची वाटली.
फिल्म हातात घेऊन डॉक्टरांकडं
शिपायाला न पाठवता मीच जिना चढले.

घरी आले तर पोरगा, बारावीतला,
कशावरून तरी चिडून उशीवर मूठ आपटत होता.
आमची मूठ नीट वळत नाही,
करंगळी बाहेर राहते, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.
म्हटलं, आण इकडं तो हात.
टेबलावर सपाट ठेव. बोटं उघडी.
"एक्सरे काढतेस काय?"
नाही रे.
नुसता ठेव.